अपेक्षा कोणाला ऐकू येते?

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिनकल नावाचे गाव आहे. एके काळी ते शहराबाहेरचे स्वतंत्र खेडे होते. आता शहराने त्याला पोटात घेतले आहे. एका बाजूस नन्नेश्वराचे जुने दगडी देऊळ व त्याच्या आसपासची बसकी घरे, तर दुसऱ्या बाजूस रिंग रोडच्या चौकावरील उड्डाणपूल आणि त्याखालून पहाटेपासून धावणाऱ्या बसगाड्या. या गावातील दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात माझी मुलगी गेले आठ महिने तिच्या चार वर्षांच्या लेकीसह राहत आहे. जावई नोकरीमुळे गावीच आहेत. मी सेवानिवृत्त शिक्षक; दूध आणणे, भाजी निवडणे, घर राखणे एवढ्या कामापुरता अहिल्यानगर जिल्ह्यातून अधूनमधून येथे येऊन राहतो.

आम्ही येथे का आलो हे सांगितले पाहिजे, कारण या लेखाचा विषय तेथूनच निघाला. माझ्या नातीला जन्मापासून ऐकू येत नाही. ते आमच्या लक्षात येईपर्यंत ती अडीच वर्षांची झाली होती. हिनकलपासून फार दूर नसलेल्या मानसगंगोत्रीच्या परिसरात अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत अशा मुलांची शाळेसाठी पूर्वतयारी करून घेतात, आणि मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही शिकवितात. निरनिराळ्या भाषांच्या माता तेथे मुलांना मांडीवर घेऊन बसतात व एकच शब्द शंभर वेळा उच्चारतात. माझ्या मुलीने तेथे जावयाचे ठरविले, तेव्हा मी मनातून विरोधात होतो. उघड बोललो नाही एवढेच.

विरोधाचे कारण मी स्वतःलाही नीट सांगितले नव्हते. ते हिनकलमध्ये एका संध्याकाळी उघडे पडले. मी शेंगा सोलत होतो. नात समोर बसून माझ्या हातांकडे पाहत होती. मी तिला एक दाणा दिला, तिने खाल्ला. दुसरा दिला, तोही खाल्ला. अर्धा तास आमचे हे चालले होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळले नाही.

“आबा, तुम्ही तिच्याशी बोलत का नाही?” तिने विचारले.

“तिला ऐकू कोठे येते?” मी म्हणालो.

“तुम्ही बोलत नाही म्हणून तिला बोलणं कळत नाही. तिला कळत नाही म्हणून तुम्ही बोलत नाही. यातून आधी कोणी बाहेर यायचं, तिनं?”

मी उत्तर दिले नाही. तेहेतीस वर्षे मुलांना शिकविलेल्या माणसाजवळ उत्तर नव्हते, कारण हे कोडे मला नवे नव्हते. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. पहिल्याच चाचणीनंतर मी त्याच्याविषयी मत बनविले. त्यानंतर मी त्याला प्रश्न विचारला नाही. कार्यालयातून खडू आणावयास मात्र त्यालाच पाठवीत असे. तो शालान्त परीक्षेत नापास झाला तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, “मी पहिल्यापासूनच सांगत होतो.” आज आठवते ते हे की, मी सांगत होतो हे खरे होते, आणि माझे सांगणे त्यालाही ऐकू जात होते.

आपल्या अपेक्षेप्रमाणे फळ मिळते, असे अनेक जण अनेक प्रकारांनी सांगतात. हल्ली तर हे शिकविण्याचा मोठा व्यवसायच झाला आहे. मनात यशाचे चित्र पाहा म्हणजे यश येईल, पैशाची अपेक्षा धरा म्हणजे पैसा येईल, असे व्याख्याते सांगतात. आणि दुर्दैवाने काही व्यासपीठांवरून हेच बोलणे पवित्र शास्त्राची वचने जोडून सांगितले जाते. या म्हणण्यात खरे किती व खोटे किती, याचा विचार ख्रिस्ती माणसाने शांतपणे केला पाहिजे. मला तो करणे भाग पडले, कारण माझ्या घरात एक मूल आहे आणि त्याच्याकडून काय अपेक्षा धरावी हे रोज सकाळी ठरवावे लागते.

यात खरे काही नक्कीच आहे. १९४८ साली रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका निबंधात बँकेचे उदाहरण दिले. बँक सुस्थितीत आहे; परंतु ती बुडणार अशी अफवा उठते. ठेवीदार धावत येतात, सगळे एकदम आपले पैसे मागतात, आणि कोणतीही बँक एका दिवसात सर्वांचे पैसे देऊ शकत नसल्याने ती खरोखरच बुडते. अफवा खोटी होती; लोकांनी ती खरी मानल्यामुळे खरी ठरली. आपल्याकडे सहकारी पतपेढ्यांच्या बंद दारांपुढे रांगा लावलेल्यांना हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. (त्यातल्या बऱ्याच पतपेढ्या अफवेने नव्हे तर संचालकांच्या हातांनी बुडाल्या, ही गोष्ट वेगळी.)

त्याहूनही जुनी गोष्ट बर्लिनमधील एका घोड्याची आहे. हान्स नावाचा हा घोडा बेरीज-वजाबाकी करतो, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी मोठी कीर्ती झाली होती. उत्तर जितके असेल तितके वेळा तो खूर आपटीत असे. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ साली त्यातील मर्म उलगडले. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तरच घोड्याला ते येई. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेची, चेहऱ्याची अगदी सूक्ष्म, त्याच्या स्वतःच्याही नकळत हालचाल होई, आणि घोडा तेवढ्यावर थांबे. घोड्याला गणित येत नव्हते. माणूस काय अपेक्षितो, ते त्याला वाचता येत होते. मुक्या प्राण्याला जे वाचता येते, ते माणसाच्या लेकराला वाचता येणार नाही काय?

१९६८ साली रॉबर्ट रोझेंथाल आणि लिनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेतील प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगण्यात आले की, चाचणीवरून पाहता ही मुले यंदा झपाट्याने प्रगती करतील. वास्तविक ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाअखेर, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, त्या मुलांची बुद्धिमापनातील वाढ इतरांहून अधिक दिसली. हा प्रयोग जगभर गाजला, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पुढील अनेक अभ्यासांतून असे दिसले की, शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम साधारणतः लहान असतो, आणि बहुतेक वेळा शिक्षकाची अपेक्षा मुलाच्या खऱ्या कुवतीवरच आधारलेली असते. मात्र ज्यांना समाजाने आधीच कमी लेखले आहे, अशा मुलांवर हा परिणाम अधिक होतो. मला यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्याचा पडताळा आपल्याच देशात आला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूहांची कोडी सोडवावयास दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. मुलांच्या जाती उघड केल्या नव्हत्या, तेव्हा उच्च मानलेल्या व खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत विशेष फरक दिसला नाही. परंतु सर्वांदेखत नावाबरोबर जात वाचून दाखविली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कोडी कमी सुटली. त्यांचा हा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. मुले तशीच होती, कोडीही तशीच होती. खोलीत फक्त एक अपेक्षा शिरली होती. आपल्या मंडळ्यांतून लग्ने जुळविताना आणि पंच निवडताना कोणाची ‘मूळची’ जात कोण अजून वाचून दाखवितो, हे आपण सर्व जाणतो. मी अधिक लिहीत नाही.

हे घडते कसे? यात जादू काही नाही. ज्या मुलाकडून अपेक्षा असते त्याच्याशी आपण अधिक जिव्हाळ्याने वागतो, त्याला अधिक शिकवितो, उत्तर देण्यास अधिक वेळ देतो, चुकला तर कोठे चुकला ते सांगतो. रोझेंथाल यांनी पुढे जवळजवळ हेच चार मार्ग सांगितले. ज्याच्याकडून अपेक्षा नसते त्याला आपण शेंगदाणा देतो, आणि त्यात आपल्याला दयाही वाटते. माझ्या नातीच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. भाषा रुजण्याची वर्षे थोडी असतात. त्या वर्षांत मुलाशी बोलणारे, खुणा करणारे, नावे सांगणारे कोणी नसेल, तर कानांचे उणेपण भाषेचे उणेपण होऊन बसते, आणि मग लोक म्हणतात, “पाहा, मूल बुद्धीनेच मंद आहे.” कान देवाने दिले तसे होते, भाषेचे दार आम्ही लावून घेतले होते.

म्हैसुरात बसून हा विचार करीत असता मला ज्या कुटुंबाची आठवण झाली, त्याचा म्हैसूरशी संबंध आला होता. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी विद्याध्ययनासाठी पुण्यास होते. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवावयास वाड्यात जात असत. स्त्रीच्या तोंडून संस्कृत श्लोक येऊ शकतात, ही गोष्ट या विद्यार्थ्याने तेथे जाणली, आणि ती त्याच्या मनातून पुढे कधीच गेली नाही. रमाबाईंच्या चरित्रांतून हा वृत्तान्त आला आहे. विचार करा, पेशवाई थोड्याच दिवसांत गेली. परंतु त्या वाड्यातील एका धड्याने एका ब्राह्मण तरुणाची स्त्रीविषयीची अपेक्षा बदलली, आणि त्या बदललेल्या अपेक्षेतून पुढे काय काय निघाले!

परंतु ते सरळ निघाले नाही, आणि हीच गोष्ट आपले प्रेरक व्याख्याते सांगत नाहीत. गावी परतल्यावर अनंतशास्त्रींनी आपल्या पहिल्या पत्नीस शिकविण्याचा प्रयत्न केला, आणि तो फसला. तिची स्वतःची इच्छा नव्हती, घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध होता. शास्त्रीबुवांची अपेक्षा कमी पडली असे म्हणावे काय? अपेक्षा तीच होती, माणूस तोच होता. पण त्या घरात एकाची अपेक्षा एका बाजूस आणि दहा जणांची दुसऱ्या बाजूस होती, आणि त्या बिचारीला दहा जणांमध्ये राहावयाचे होते. अपेक्षा ही कोणा एकाच्या मस्तकात राहणारी वस्तू नव्हे. ती घरात राहते, गावात राहते, मंडळीत राहते. एक शिक्षक, एक बाप, एक पाळक आपल्या मनात कितीही मोठी आशा धरो, भोवतालचे घर विरुद्ध बोलत असेल तर त्या मुलाला घरच अधिक ऐकू येते.

पुढे काही वर्षे अनंतशास्त्रींनी म्हैसूरच्या दरबारी मान मिळविला. पहिली पत्नी वारल्यावर त्यांचा दुसरा विवाह झाला. पैठणला गोदावरीच्या तीरी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. शास्त्रीबुवा तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. आज हे वाचताना मन अस्वस्थ होते, आणि व्हावे. त्या मुलीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविले. घरची सारी कामे, पाहुणे, मुले सांभाळून त्या रात्री उशिरापर्यंत पुराणे वाचीत, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. भोवतालच्या पंडितांनी हा अधर्म आहे अशी तक्रार केली. शास्त्रीबुवांना उडुपी येथे गुरूपुढे व पंडितसभेपुढे बोलाविले गेले. स्त्रीने संस्कृत शिकण्यास शास्त्राचा आधार आहे, हे त्यांनी तेथे ग्रंथांतील वचनांनी मांडले. नंतर ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे जाऊन राहिले. यावेळी त्यांनी घरच बदलले होते, हे ध्यानात घ्यावे. विरुद्ध बोलणारे दहा जण त्या रानात नव्हते. तेथे १८५८ च्या एप्रिलमध्ये रमा जन्मली. तिला शिकविले ते आईने, कारण बाप तोवर वृद्ध झाला होता. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले.

येथे लेख संपविला असता तर तो एक चांगला प्रेरक लेख झाला असता. परंतु १८५८ आणि १८७८ यांच्यामध्ये १८७४ आहे.

अनंतशास्त्री श्रद्धाळू पुरुष होते. कुटुंबासह ते तीर्थामागून तीर्थे करीत, पुराणे सांगत, मिळेल त्याचे दान करीत. व्रते, उपवास व दान यांचे फळ म्हणून देव आपल्याला उणे पडू देणार नाही, अशी त्यांची पूर्ण अपेक्षा होती. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. धन संपले, भांडी विकली, रानातला पाला खाण्याची पाळी आली. तरी ते वाट पाहत राहिले. त्यांच्या अपेक्षेत तसूभरही कमतरता नव्हती. १८७४ साली प्रथम वडील गेले, मग थोड्याच महिन्यांत आई आणि थोरली बहीण. उरलेले बहीण-भाऊ पायी देश तुडवीत कलकत्त्यास पोचले. ज्या माणसाची पत्नीविषयीची अपेक्षा फळाला आली, त्याच माणसाची आभाळाविषयीची अपेक्षा फळली नाही.

हा भेद मला हिनकलच्या त्या संध्याकाळनंतर समजला. अपेक्षा ऐकू शकेल असे समोर कोणी असेल, तेथेच ती काम करते. पत्नीला ती ऐकू आली, मुलीला ऐकू आली. बँकेतल्या ठेवीदारांना ऐकू येते, बर्लिनच्या घोड्यालाही येते. पावसाला ती ऐकू येत नाही. नातीच्या कानातील आतल्या नाजूक पेशींनाही ती ऐकू येत नाही. तिच्या श्रवणचाचणीच्या आलेखावरची रेघ माझ्या कोणत्याही अपेक्षेने वर चढलेली नाही. परंतु ती मुलगी, जिला आवाज ऐकू येत नाही, तिला माझी अपेक्षा स्वच्छ ऐकू येते. मी तोंड बंद ठेवून दाणे देत होतो तेव्हाही येत होती.

या दोन गोष्टींची गल्लत केली की फार क्रूरपणा होतो. आमच्या गावी एक उपदेशक आले होते. सभा मोठी होती. त्यांनी नातीच्या कानांवर हात ठेवून प्रार्थना केली. तिने दचकून त्यांच्याकडे पाहिले, बाकी काही झाले नाही. सभेनंतर त्यांनी माझ्या मुलीला सांगितले की, घरात कोणाची तरी अपेक्षा अपुरी आहे, म्हणून आशीर्वाद अडला आहे. ती त्या रात्री जेवली नाही. मी स्वतः प्रार्थनेवर विश्वास ठेवणारा माणूस आहे आणि त्या लेकरासाठी आजही रोज मागतो. पण आईच्या डोक्यावर हे ओझे ठेवण्याचा अधिकार त्या गृहस्थांना कोणी दिला? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे; आणि प्रभूने दोन्ही नाकारले (योहान ९:२-३). शिष्यांचा तो प्रश्न आज नवे कपडे घालून फिरत आहे. ‘पाप कोणाचे’ ऐवजी ‘अपेक्षा कोणाची कमी’ एवढेच बदलले आहे.

कोणी म्हणेल, नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे प्रभूला फारशी महत्कृत्ये करता आली नाहीत, असे मार्काने लिहिले आहे ना (मार्क ६:५-६)? होय, लिहिले आहे. पण तो भाग पुन्हा वाचावा. तेथे आजाऱ्यांना कोणी दोष दिलेला नाही. दोष आहे तो सुताराच्या मुलाकडून काय अपेक्षा धरावयाची, हे आधीच ठरवून बसलेल्या गावाचा. याची आई कोण, भाऊ कोण, हे सर्व त्यांना ठाऊक होते. मी जसा मागच्या बाकावरील मुलाला ओळखून होतो, तसे ते त्याला ओळखून होते. नासरेथ हे नथनेलाच्याही कुचेष्टेचे गाव होते; तेथून काही चांगले निघेल असे त्याला वाटत नव्हते (योहान १:४६). आणि ज्या गावाची दुसऱ्यांनी अशी किंमत केली होती, त्या गावाने आपल्याच माणसाची तशीच किंमत केली. खालच्या समजल्या गेलेल्या लोकांत हे नेहमी घडते. आपला माणूस मोठा होईल, हे सर्वांत शेवटी आपल्यालाच पटते.

तीन चाकरांच्या दाखल्यातील तिसरा चाकरही येथे आठवतो. धन्याकडून त्याची अपेक्षा कठोरपणाची होती, म्हणून त्याने पैसा पुरून ठेवला, आणि शेवटी त्याला कठोरपणाच भेटला (मत्तय २५:२४-३०). त्याउलट सुंदर नावाच्या दरवाजाजवळचा पांगळा. तो पेत्र व योहान यांच्याकडे काहीतरी मिळेल या अपेक्षेने पाहू लागला (प्रेषितांची कृत्ये ३:५). त्याची अपेक्षा होती नाण्याची. वर्षानुवर्षे लोकांनी त्याला नाणी देऊन देऊन नाण्यापलीकडे काही मागावयाचे असते हेच विसरावयास लावले होते. त्याला जे मिळाले ते अपेक्षेप्रमाणे मुळीच नव्हते. अपेक्षेप्रमाणेच फळ देणे हा देवाचा नियम असता, तर तो मनुष्य पैसे घेऊन तेथेच बसून राहिला असता.

रमाबाईंचेही पुढचे आयुष्य अपेक्षेप्रमाणे गेले नाही. वैद्यकीय शिक्षण घ्यावे म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ऐकू कमी येते. त्या उणिवेमुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. हे मी पूर्वी वाचले होते, परंतु नातीच्या निदानानंतर पुन्हा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. बहिरेपण त्यांच्या सोबतीला अखेरपर्यंत राहिले. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्या मुली कोणाच्या खिजगणतीत नव्हत्या. त्या जगल्या तरी पुष्कळ, अशीच बहुतेकांची समजूत होती. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना जेवण मिळाले हे ठीकच. परंतु रमाबाईंनी त्यांना छापखान्यात खिळे जुळवावयास बसविले. त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. रमाबाई स्वतः उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत होत्या, आणि ते छापण्याचे काम त्या मुलींच्या हातांनी होत होते. दुष्काळात आईबाप गमावलेल्या एका बाईने दुष्काळातून उचललेल्या मुलींकडून ही अपेक्षा धरली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. मनोरमाबाई त्यांच्या आधी काही महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या; आपल्या मागे काम लेक पाहील, ही आईची अपेक्षाही राहून गेली.

असो. माझ्यापुरते सांगावयाचे तर, आता मी बोलतो. सकाळी नातीला घेऊन हिनकलच्या रस्त्यावर भाजी घ्यावयास जातो. तिच्या दोन्ही कानांत यंत्रे असतात. त्यांतून तिला किती पोचते हे आम्हाला नक्की सांगता येत नाही. मी खाली बसतो, तोंड तिच्या समोर आणतो, गाजर हातात धरतो आणि “गाजर” म्हणतो. पुन्हा म्हणतो. भाजीवाल्या बाई कन्नडमध्ये काहीतरी बोलतात व हसतात. पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग येई. आता त्याही टोपलीतून एक गाजर उचलून तिच्यासमोर धरतात व कन्नडमधला शब्द उच्चारतात. माझी मुलगी यावर नाराज आहे, कारण दोन भाषांनी गोंधळ होईल अशी तिला भीती वाटते. मला मात्र त्या बाईंना थांबवावेसे वाटत नाही.

ही मुलगी बोलेल काय? बोलेल तर किती? इतर मुलांबरोबर साध्या शाळेत बसेल, की खुणांची भाषा हीच तिची मातृभाषा होईल, आणि तसे झाले तर ते आम्ही अपयश मानू काय? मुलीने मला हे सर्व विचारले. मी सांगितले की माझ्याजवळ आकडा नाही. तिला माझे उत्तर आवडले नाही. ती म्हणाली, “आकडा नको, आबा. तुम्ही तिच्याकडून काही मागता की नाही, एवढंच सांगा.”

त्या रात्री मी पौलाचे फिलेमोनास पत्र वाचले. पंचवीसच वचने आहेत. घरातून पळालेला अनेसिम नावाचा दास. पूर्वी धन्याला निरुपयोगी, असे पौल स्वतःच लिहितो, आणि आता दोघांनाही उपयोगी, असेही लिहितो. पौल त्याला परत पाठवीत आहे, आणि फिलेमोनाने त्याला दास म्हणून नव्हे तर बंधू म्हणून घ्यावे, अशी विनंती करीत आहे. तो आज्ञा करू शकला असता. तसे तो म्हणतोही. त्याऐवजी तो लिहितो की, मी सांगतो त्याहूनही तू अधिक करशील हे मला ठाऊक आहे, आणि माझ्यासाठी उतरण्याची जागा तयार ठेव. बंदिवासात असलेला म्हातारा माणूस राहावयाची खोली सांगून ठेवतो! त्याची अपेक्षा एकाच वेळी दोघांवर आहे: निरुपयोगी ठरलेल्या दासावर, आणि ज्याने त्याला निरुपयोगी ठरविले त्या धन्यावर. मला वाटत आले होते की या पत्रातील कठीण भाग अनेसिमाचा आहे, कारण त्याला परत जावयाचे होते. आता वाटते की फिलेमोनाचा अधिक कठीण असावा. अनेसिम दारात उभा आहे, पत्र हातात आहे, घरातली माणसे पाहत आहेत, आणि या माणसाविषयी आपण इतकी वर्षे जे म्हणत आलो ते त्याला सर्वांदेखत मागे घ्यावयाचे आहे.

फिलेमोनाने पुढे काय केले, ते पत्रात नाही.